सुचण्याआधी काय घडतं? सर्जनशीलतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिहिणारे, गाणारे, चित्र काढणारे, मुलांना क्लासला घालणारे पालक आणि 'आपल्याला बुवा काहीच सुचत नाही' म्हणणारे, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येतात. उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. सुचायला मन आधी भरलेलं असावं लागतं, असं माझं मत आहे आणि खालची बरीचशी उत्तरं त्याच बाजूला झुकलेली आहेत.

सर्जनशीलता म्हणजे 'काहीतरी वेगळं करणं' एवढंच ना?

नुसतं वेगळं असून भागत नाही. चप्पल डोक्यावर ठेवून ऑफिसला जाणं वेगळं आहे खरं, पण त्याला कोणी प्रतिभा म्हणणार नाही. मानसशास्त्रात साधारण दोन अटी मानतात: गोष्ट नवी हवी आणि त्या जागी चपखल बसायला हवी. काश्मीरचा काव्यशास्त्रकार भट्टतौत दहाव्या शतकात प्रतिभेला 'नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा' म्हणाला. त्याचा शिष्य अभिनवगुप्त म्हणाला, अपूर्व वस्तू निर्माण करू शकते ती प्रज्ञा. दोघांनीही तिला प्रज्ञेतच मोजलं, लहरीत नाही.

आता 'नवी' म्हणजे कोणासाठी? ब्रिटिश तत्त्वज्ञ मार्गारेट बोडेन यांनी इथे एक उपयोगी फरक केला. एखादी कल्पना त्या माणसापुरती नवी असू शकते किंवा मानवी इतिहासात पहिल्यांदाच आलेली असू शकते. चौथीतली मुलगी वहीत १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६ असं मांडत बसते आणि विषम संख्या ओळीने मिळवल्या की वर्गसंख्याच येतात हे तिला दिसतं. हे हजारो वर्षांपूर्वीच कोणाला तरी दिसलेलं आहे. पण तिच्या मनात जे घडलं ते पहिल्या माणसाच्या मनात घडलं त्याहून वेगळं असण्याचं कारण नाही. इतिहासात नाव लागणं हा नंतरचा आणि बराचसा नशिबाचा भाग.

प्रतिभा जन्मजात असते की कमावता येते?

हा वाद आपल्याकडे हजार-बाराशे वर्षं चाललाय. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने काव्याची तीन कारणं सांगितली: नैसर्गिक प्रतिभा, भरपूर आणि स्वच्छ अभ्यास (त्याचा शब्द 'श्रुत'), आणि न थकता केलेला उद्योग. मम्मटानेही शक्ती, निपुणता आणि जाणत्याच्या हाताखाली केलेला अभ्यास, अशी त्रयीच मांडली, आणि वर बजावलं की ही तिन्ही मिळून एकच कारण. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते काव्याचं कारण कवीची प्रतिभा, बस्स.

मला यात दंडीचा व्यवहारीपणा आवडतो. तो पुढे म्हणतो, उपजत संस्कार नसला तरी ऐकून-वाचून आणि प्रयत्न करून वाणीची उपासना केली, तर ती काही ना काही अनुग्रह करतेच. 'काही ना काही'! महाकवी व्हाल असं आश्वासन तो देत नाही. कार्यशाळा घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य जाहिरातीत छापावं.

पण बहिणाबाईंचं काय? त्या कुठे शिकल्या होत्या?

शाळेत गेल्या नव्हत्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, हे खरं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसाने टिपून घेतली म्हणून राहिली आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. पण निरक्षर म्हणजे अशिक्षित असं धरून चाललं की घोटाळा होतो. खानदेशातल्या शेतकरी घरात जात्यावर, शेतात, सणावाराला बायकांच्या तोंडी अखंड गाणं असायचं. ओवीची चाल, यमक कुठे टाकायचं, ओळ कुठे तोडायची, हे सगळं लहानपणापासून कानात बसलेलं. दंडीच्या यादीतलं 'श्रुत' म्हणजे ऐकलेलंच की. बहिणाबाईंचं शिक्षण फार कसून झालं होतं, फक्त त्याला वर्ग नव्हता. त्या तालमीतून इतर हजारो बायका गेल्या आणि बहिणाबाई एकच झाल्या, हेही तितकंच खरं; तेवढा भाग जगन्नाथ पंडिताच्या पदरात टाकायला माझी हरकत नाही.

हुशार माणूस सर्जनशील असतोच का?

असतोच असं नाही. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये हाच मुद्दा जोरात मांडला आणि तिथून सर्जनशीलतेच्या संशोधनाला गती आली. बुद्ध्यांकाच्या चाचणीत प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं. गिलफर्डने 'विटेचे किती उपयोग सांगता येतील?' अशा अनेक उत्तरांच्या प्रश्नांवर भर दिला. बांधकाम, दाराला अडसर, पेपरवेट, व्यायामाला वजन, लाल भुकटी करून रांगोळीत, वगैरे. पण विटेचे चाळीस उपयोग सांगणारा पुढे चांगली कादंबरी लिहील, असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. तो विटेच्या बाबतीत कल्पक आहे एवढंच कळतं.

कल्पना अशी अचानक, भलत्याच वेळी का सुचते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याचं गाजलेलं उदाहरण फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे याचं आहे आणि ते त्याने स्वतःच १९०८ मध्ये सांगितलं. काँ शहरात राहत असताना तो सहलीला निघाला होता. प्रवासाच्या गडबडीत गणित डोक्यात नव्हतं. कूतांस गावी घोड्यांच्या बसमध्ये चढायला पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी लख्ख दिसलं की आपण ज्या फलांवर (गणितातल्या फंक्शन्सवर) काम करतोय त्यांच्यामागची रूपांतरणं अयुक्लिडीय भूमितीतल्यासारखीच आहेत. बसमध्ये बसून त्याने आधीच्या गप्पा पुढे चालू ठेवल्या. पडताळा घरी गेल्यावर घेतला.

ही गोष्ट सांगताना लोक पायरीपासून सुरुवात करतात. प्वांकारे मात्र पंधरा दिवस आधीपासून सुरुवात करतो. पंधरा दिवस तो रोज टेबलाशी बसून अशी फलं असूच शकत नाहीत हे सिद्ध करायला धडपडत होता, म्हणजे उलट्या दिशेने. मग एका रात्री काळी कॉफी घेतल्यामुळे झोप लागेना, कल्पना एकमेकींवर आदळत राहिल्या आणि सकाळपर्यंत तशा फलांचा एक वर्ग अस्तित्वात असल्याचं सिद्ध झालं होतं. पायरी त्यानंतर आली.

ग्रॅहम वॉलस याने १९२६ मध्ये याचे चार टप्पे केले: तयारी, मुरणं, उजेड पडणं, पडताळा. प्रत्यक्षात हे इतक्या शिस्तीत रांगेने येत नाहीत, पण मधला मुरण्याचा काळ कल्पित नाही. तेव्हा मनात काय चालतं यावर एकमत नाही. नेणिवेत जुळवाजुळव चालूच असते, असं काहीजण म्हणतात. काहींच्या मते आपण चुकीच्या वाटेला चिकटलेले असतो, विसावा मिळाला की ती वाट विसरते. दुसरं स्पष्टीकरण जरा रूक्ष आहे, पण ते बऱ्याच वेळा पुरतं.

झोपेबद्दलही एक गंमत आहे. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये लोकांना गणिताचं एक काम दिलं. त्यात एक छुपी युक्ती होती. ती सापडली की काम झटक्यात उरकायचं. मध्ये वीस मिनिटं विसावा. या वेळात ज्यांना किमान पंधरा सेकंद अगदी हलकी डुलकी लागली, त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना नंतर युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. जे त्याहून गाढ झोपले त्यांचा आकडा १४ टक्क्यांवर आला. दुपारी जेवून ताणून देणाऱ्यांनी या शोधाचा आधार घेऊ नये.

म्हणजे दैवी प्रेरणा वगैरे सगळं खोटं?

खोटं म्हणण्याची घाई नको. प्लेटोने कवीच्या तोंडून देवता बोलते असं सुचवलं. तुकोबा तर स्वच्छ सांगतात, 'माझिये युक्तीचा नव्हे हा प्रकार । मज विश्वंभर बोलवितो ॥' नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि कवित्व कर म्हणाले, असंही त्यांनी अभंगात सांगितलंय. हा अनुभव आहे आणि तो ज्याला आला त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ओळ आपण रचली असं वाटतच नाही, ती आली असं वाटतं. छोट्या प्रमाणात हे चार ओळी लिहिणाऱ्या कोणालाही माहीत असतं.

पण तुकोबांचाच दुसरा, 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' हा आत्मचरित्रपर अभंग नीट क्रमाने वाचा. दुष्काळात बायको गेली, व्यवसाय बुडाला, पडकं देऊळ दुरुस्त करायचं मनात आलं. मग एकादशीला कीर्तन करू लागले, तेव्हा अभ्यासात चित्त नव्हतं. म्हणून 'काही पाठ केली संतांची उत्तरे'. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून धृपद धरलं. पाठांतर करायचं आणि मागे उभं राहून री ओढायची, हा उमेदवारीचा काळ त्यांनी स्वतः नोंदवलाय. कवित्वाची स्फूर्ती त्याच अभंगात, पण या सगळ्यानंतर येते. आपण मात्र कीर्तनातून थेट स्वप्न आणि इंद्रायणी ऐकतो, मधली पाठांतराची वर्षं गाळून.

रामानुजन यांनाही नामगिरी देवी सूत्रं देत असे, अशी त्यांची श्रद्धा होती. १९१३ मध्ये त्यांनी इंग्लिश गणिती हार्डींना पाठवलेली बरीच सूत्रं थक्क करणारी निघाली, पण मूळ संख्यांविषयीची काही विधानं चुकीची ठरली. प्रेरणा कुठूनही येवो, वॉलसचा चौथा टप्पा, म्हणजे पडताळा, कोणालाच चुकत नाही.

उजवा मेंदू कलावंताचा, डावा हिशेबनिसाचा, हे खरं?

नाही. रॉजर स्पेरी यांनी दुभंगलेल्या मेंदूच्या (म्हणजे दोन अर्धांना जोडणारा दुवा कापलेल्या) रुग्णांवर केलेल्या ज्या कामाला १९८१ मध्ये नोबेल मिळालं, त्याचा हा ताणून ताणून केलेला अर्थ आहे. भाषेसारख्या काही क्रियांत डाव्या-उजव्याचा फरक असतो, पण कल्पना सुचताना दोन्ही बाजूंची जाळी एकत्र काम करतात. भटकणारं मन आणि त्याला लगाम घालणारं मन, दोन्ही एकाच वेळी जागी असतात. 'उजवा मेंदू जागवा' शिबिराचे पैसे वाचवा.

मोठे कलावंत विक्षिप्त किंवा मानसिक आजारी का असतात?

बहुतेक नसतात. जे असतात त्यांच्या गोष्टी जास्त सांगितल्या जातात. दहा ते पाच नोकरी करून, हप्ते भरून उत्तम कविता लिहिणाऱ्यावर कोण सिनेमा काढणार?

स्वीडनमध्ये जवळजवळ बारा लाख रुग्णांच्या नोंदी तपासणारा मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण पाहता सर्जनशील व्यवसायातल्या लोकांत मानसिक आजार जास्त आढळले नाहीत. अपवाद बायपोलर आजाराचा. लेखकांचं चित्र मात्र वेगळं होतं: त्यांच्यात अनेक आजारांचं आणि आत्महत्येचं प्रमाण जास्त दिसलं. आणखी एक गोष्ट: काही गंभीर आजारांच्या रुग्णांचे निरोगी नातेवाईक सर्जनशील व्यवसायांत जास्त प्रमाणात होते. म्हणजे कुठेतरी धागा असेलही. पण त्यावरून आजार हे प्रतिभेचं इंधन आहे आणि औषध घेतलं की ती विझेल, असा निष्कर्ष काढून कोणी गोळ्या बंद करत असेल, तर ते घातक आहे. खोल नैराश्यात माणूस लिहीत नाही, तो अंथरुणातून उठू शकत नाही.

नियम आणि बंधनं सर्जनशीलतेला मारक नाहीत का?

मोकळं सोडलं की मन कुठे जातं हे मानसशास्त्रज्ञ थॉमस वॉर्ड याने १९९४ मध्ये पाहिलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, दुसऱ्या ग्रहावरचा प्राणी कल्पून काढा. काहीही चालेल. बहुतेकांनी काय काढलं? दोन्ही बाजू सारख्या असलेला, डोळे आणि पाय असलेला प्राणी. म्हणजे पृथ्वीवरचाच, थोडी डागडुजी करून. संपूर्ण स्वातंत्र्य मिळालं की आपण सवयीच्या वाटेने जातो, कारण दुसरीकडे ढकलणारं काही नसतं.

हिंदुस्थानी संगीत याच्या अगदी उलट टोकाला आहे. राग म्हणजे बंधनांची यादी: हे स्वर घ्या, हा वर्ज्य, इथे न्यास, चढताना असं, उतरताना तसं. बंदिशीच्या ओळी जेमतेम चार. आणि तेवढ्यावर गवई तासभर गातो. जी 'उपज' ऐकून आपण वा म्हणतो ती या कुंपणाच्या आतच होते.

कुमार गंधर्वांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. शिवपुत्र कोमकली, जन्म १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचे. लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गायचे. लोक तोंडात बोटं घालायचे. मग मुंबईत देवधरांकडे शिक्षण. ऐन विशीत क्षयाने गाठलं. १९४८ च्या सुरुवातीला ते हवापालटासाठी देवासला आले. गाणं बंद, बोलणंही बेताचं. अंथरुणावर पडून कानावर येईल ते ऐकायचं, आणि कानावर यायची ती माळव्यातली लोकगीतं. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांमध्ये त्यांना रागांची बीजं दिसली. त्यातून पुढे 'धुनउगम राग' आले. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस जवळपास निकामी झालेलं होतं. लांब दमसासाची आलापी आता शक्य नव्हती. त्यांनी स्वर छोट्या, धारदार तुकड्यांत लावला. मधली शांतताही गाण्यात धरली. लोक ज्याला 'कुमारांची गायकी' म्हणून ओळखतात ती याच श्वासाच्या मापाने बेतलेली आहे.

इथे सावध राहायला हवं. क्षय झाला म्हणून गायकी घडली, असं म्हटलं तर ते क्रूर आणि खोटं होईल. त्याच आजाराने त्या काळात असंख्य लोक नुसते मेले. बंधन उपयोगी पडलं, कारण त्याच्याआधी बालपणापासूनचं भरलेलं मन होतं.

दुसऱ्याचं पाहून केलेलं सर्जनशील कसं? ती चोरीच ना?

आनंदवर्धनाने नवव्या शतकात याची छान प्रतवारी लावली. दोन कवींत साम्य तीन प्रकारचं असतं. आरशातल्या प्रतिबिंबासारखं: त्याला स्वतःचा जीव नाही, टाकून द्या. चित्रासारखं: त्याचा जीव नगण्य, तेही टाळा. आणि दोन माणसांत असतं तसं: दोघांनाही नाक-डोळे आहेत, पण जीव वेगळा. हे मात्र चालेल. संस्कृत कवी आणि काव्यशास्त्रकार राजशेखर त्याहून मिस्कील. चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारी नाही, असं सांगून तो म्हणतो, लपवता येतं त्याची निंदा होत नाही. हे वाचून खूश होणाऱ्यांसाठी: आता सर्च इंजिन आहे.

मुलांच्या सर्जनशीलतेला बक्षिसांनी प्रोत्साहन मिळतं का?

१९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलं की सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला ते अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं पुन्हा समोर ठेवली तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्या बक्षिसाने नुकसान झालं नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा कमी, सौद्याचा जास्त.

आपल्याकडे सौदा पहिलीपासून सुरू होतो. कोणत्याही शाळेत 'निसर्गचित्र' म्हणा: दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, किरणांच्या रेघा, खाली नागमोडी नदी, काठाला झोपडी, आकाशात आकड्यातल्या चारसारखे पक्षी. लातूरचं मूलही हेच काढतं आणि मालवणचंही. मालवणच्या मुलाच्या खिडकीतून समुद्र दिसतो. त्या डोंगराला मार्क मिळतात, म्हणून तो टिकून आहे. पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग दहावीचे वाढीव गुण. या परीक्षांनी हात तयार होतो, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण घरी मुलाने जांभळं झाड काढलं तर 'झाड हिरवं असतं' हे वाक्य गिळता येतं का पाहा.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी मिळून कल्पना लढवल्या तर?

गंमत येते, चहा होतो. पण १९५८ पासूनचे प्रयोग सांगतात की तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून लिहिलं तर कल्पना जास्त निघतात. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात त्यांचं सुचलेलं निसटतं. आधी प्रत्येकाने कागदावर लिहावं, मग एकत्र बसावं.

एखादी गोष्ट श्रेष्ठ सर्जन आहे हे ठरवतं कोण?

राजशेखराने प्रतिभेचे दोन भाग केले: निर्माण करणारी कारयित्री आणि रसिकाची भावयित्री. दुसरी नसेल तर पहिली वांझ. हे मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत दुर्लक्षित सत्य वाटतं. वारली चौक लग्नात सुवासिनी काढत. तांदळाच्या पिठाने, मातीच्या भिंतीवर, विधी म्हणून. जिव्या सोमा म्हशे हे पुरुष असून, लग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढू लागले आणि १९७० च्या दशकात ती चित्रं पाहणारी बाहेरची नजर तिथे पोचली. मग कला 'सापडली'. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चौक रेखणाऱ्या बायकांचं नाव कुठेच नाही. जात्यावरच्या ओव्यांचं तेच. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांच्या प्रकल्पात लाखभर ओव्या जमल्या. प्रत्येक ओवी कोणीतरी पहिल्यांदा म्हटली, दुसरीने एक शब्द बदलला, तिसरीने स्वतःच्या भावाचं नाव घातलं. कर्ती एकच शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही.

एआय सर्जनशील आहे का?

बोडेन यांच्या मते सर्जन तीन प्रकारे होतं: असलेल्या गोष्टींची नवी जुळणी, एका चौकटीतल्या न पाहिलेल्या जागा शोधणं, आणि चौकटच बदलणं. पहिल्या दोन्हींत यंत्र तरबेज झालंय, हे नाकारून उपयोग नाही. तिसऱ्याबद्दल मी साशंक आहे. २०२४ च्या एका प्रयोगात एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या कथा वाचकांना एकेकट्या जास्त चांगल्या वाटल्या, विशेषतः लिहिण्यात कमी पडणाऱ्यांच्या. पण त्या सगळ्या कथा एकमेकींसारख्या होऊ लागल्या. दोन डोंगर आणि मधून सूर्य, पण सफाईदार.

चालायला गेलं की सुचतं म्हणतात. खरं आहे?

हो. स्टॅनफर्डमध्ये २०१४ मध्ये तपासलं होतं. बाहेर जायचीही गरज नाही. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. मात्र ज्या कोड्यांना एकच बरोबर उत्तर होतं, त्यांत चालणारे किंचित मागे पडले. तेव्हा कथेचा शेवट शोधायचा असेल तर चाला, आणि जीएसटीचं विवरणपत्र भरायचं असेल तर खुर्चीत बसा.